डाव्या बाजूनं

मुलीचा कॉम्प्युटर रात्री साडेदहानंतर माझा.
तोवर तिचं रसायनशास्त्र.
मग खुर्चीवर उशी, उशीवर मी,
हेडफोनच्या वायरीला तीन ठिकाणी इन्सुलेशन टेप,
आणि खाली मंगळवार पेठेत
कुणाच्यातरी बुलेटचा फटाका.

चौथं सॉफ्टवेअर उतरवतोय.

पहिलं फुकट होतं.
उघडायला इतका वेळ घ्यायचं
की तेवढ्यात गंगावेशीत जाऊन
म्हशीखालचं दूध पिऊन परत आलो असतो.
चार जीबीत त्याचा जीव घुसमटायचा,
पंखा असा घुमायचा
की उद्यमनगरातलं माझं लेथ
घरी आलंय ओव्हरटाइमला.

दुसरं देखणं. काळंभोर, निळ्या काचेच्या चकत्या.
दर महिन्याला पैसे मागायचं.
म्हटलं, लगा, भिशी लावलीया व्हय तुझ्याकडं?
नाही भरले तर वीस मिनिटांनी
ऐन उठावात आवाज गिळायचं,
वरात चौकात आणि जनरेटर बंद, तसं.

तिसरं शिरोळच्या रणधीरनं दिलं, पेन ड्राइव्हवर.
'भावा, फोडलेलं हाय, बिनधास्त वापर.'
त्यानं मुलीचा अर्धा प्रोजेक्ट खाल्ला.
दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.
आमटीत मीठ होतं, एवढी मेहरबानी.

डावा कान गेलाय, हे घरात सांगितलेलं नाही.
एकोणीस वर्षं भिंतीसमोर होतो मी,
ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीसमोर,
पापाची तिकटी ते पंचगंगा घाट,
पाठीवर 'सोन्याबापू साउंड', हातात वायरींची वेटोळी.
तेव्हा बास छातीत वाजायचा.
आता कानात वाजते एक बारीक शिट्टी,
रात्रंदिवस, एका सुरात.
तिला म्यूट करायचं बटण
अजून कुणी काढलेलं नाही.

म्हणून मला डोळ्यांनी ऐकू येईल असं पाहिजे होतं.
रेघा जाड पाहिजेत. ठोका
लांबून येणाऱ्या एसटीच्या पाटीसारखा
आधी दिसला पाहिजे.

परीक्षेला सगळ्यांना पेपर एकच:
खासबागेतली हलगी, मोबाइलवर धरलेली,
दादू आवळ्यांची, अकरा मिनिटं.
पैलवान दम खातात तेव्हा ती पण दम खाते,
पकड बसली की पुढं पळते,
मध्ये एक म्हातारा 'हाण!' म्हणून ओरडतो, तो पण आहे.

पहिल्यानं सांगितलं, एकशे अठ्ठावीस.
दुसऱ्यानं, चौसष्ट. आणि न विचारता
सगळे ठोके पट्टी लावून सरळ केले.
ऐकलं. हलगी होती.
कुस्ती नव्हती. म्हाताऱ्याचा 'हाण' लांबून लांबून
गाईच्या हंबरण्यासारखा झालेला.
तिसऱ्याला परीक्षेला बसवलंच नाही.

चौथं उतरलं. राखाडी, साधं,
तलाठी कार्यालयातल्या कपाटाच्या रंगाचं.
पुष्कळ वेळ विचार केला त्यानं,
मग आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा दाखवल्या.
खाली एक बटण, त्यावर बोटाचं चित्र.
मला एवढंच कळलं:
याला येत नाही, आणि हे मला विचारतंय.

स्पेसबारवर बोट ठेवलं.
उजव्या कानात हलगी, डाव्यात शिट्टी,
ठोकत राहिलो.
आकडा हलायचा, शंभर, एकशे सहा, परत शंभर,
दादू आवळे दम खायचे, मी पण खायचो,
पकड बसली, बोट पळालं,
आकड्याचं काही ठरेना.
माझं ठरलं.

पाठीमागं मुलगी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.
कधीची, माहीत नाही.
डाव्या बाजूनं काहीतरी बोलली.
मी नुसते ओठ बघितले आणि मान हलवली.

ती खुर्चीला वळसा घालून
उजवीकडं आली,
आणि परत म्हणाली,
'स्पेसबार मोडशील, पप्पा. हळू.'