अर्थिंग

पायाला चटका बसला की मी अजूनही वर बघतो,
कुठली तार तुटली म्हणून.
एकतीस वर्षं खांबांवर गेली.
यावल ते हिंगोणा, केळीच्या बागांवरून जाणारी लाइन
डोळे मिटून सांगेन.

आणि आता माझ्याच तळव्यांत
कुणीतरी रात्रीचा आकडा टाकलाय.
मीटर नाही, पावती नाही,
नुसतं जळतं.

साखरेनं नसा खाल्ल्या, जळगावचे डॉक्टर म्हणाले.
चप्पल कधी निसटते ते कळत नाही,
चादरीची घडी मात्र पात्यासारखी कापते.
हे कसलं वायरिंग?
जिथं करंट हवा तिथं अंधार,
नको तिथं दिवाळी.

फैजपूरला बियाण्यांच्या दुकानावर जिना चढून
नेहेते डॉक्टरीणबाई सुया टोचतात.
मंजुळा म्हणाली, चिनी असतात म्हणे.
म्हटलं, इन्सुलेटरही चिनीमातीचेच होते,
त्यांनीच जगवलं.

घोट्याच्या आत एक, पोटरीत दोन,
बोटांच्या बेचक्यात एक, केसाएवढी.
“दुखलं तर सांगा, सुपडूभाऊ.”
बाई, मला चारशे चाळीसनं खाली फेकलंय.
पण त्यांनी सुयांना बारके चिमटे लावले
तसा मी उठून बसलो:
व्होल्ट किती? अर्थिंग कुठंय?
त्यांनी हसून डबीचं झाकण उघडून दाखवलं.
नऊ व्होल्टची बॅटरी.
पोटरी बेडकाच्या गळ्यासारखी उडू लागली.

पलीकडच्या खाटेवर बोरोल्यांची शकुंतला.
वर्ष झालं, पदर बरगडीला टेकू देत नाही.
“नागीण गेली भाऊ, बीळ ठेवून गेली.”

हे चालतं कसं, मी विचारलं.
बाई म्हणाल्या, सगळं मलाही सांगता येत नाही.
कुणाला उतार पडतो, कुणाला नाही.
गोळी सोडू नका, साखर सांभाळा.
मला पटलं. कितीदा तरी
फॉल्ट सापडलाच नाही,
खांबाला नुसती काठी मारली
आणि गावात लाइट आली.

सातव्या खेपेनंतर रात्री तीनला जाग आली.
आग नव्हती.
म्हणजे होती, पण लांब,
हिंगोण्याच्या बाजूला कुठंतरी.
अंगणात गेलो. टाचेखाली खडा लागला.
खडा!
मंजुळा धावत आली, काय झालं, काय झालं.
म्हटलं, खडा लागला.
“येड लागलं का तुमाले? चप्पल घाला आधी.”

घातली.
डावीचा पट्टा जाणवला.
उजवीचा अजून नाही.