बारा आण्यांचा मसाला

बंद खोलीत आम्ही बारा जण काय बोललो
ते कुणाला सांगायचं नाही, असा कायदा आहे इथे.
म्हणून खुर्च्यांबद्दल सांगते.
निळ्या होत्या. माझीचा एक पाय आखूड.
अकरा आठवडे त्या पायाखाली
बसच्या तिकिटाची घडी सरकवून बसले.

न्यूकॅसल. नदीकाठचं कोर्ट.
पुलाच्या लोखंडात किटीवेक पक्ष्यांची घरटी,
वसंतात समुद्रावरून येतात आणि दिवसभर कोकलतात,
जणू त्यांचीही साक्ष कुणीतरी घ्यायची राहिलीय.

आरोपी पहिला: बार्नी एल्सडन.
हो, तोच. शनिवारी रात्री टीव्हीवर
चमकत्या कोटातून अंडी काढणारा.
माझे सासरे या देशात आले तेव्हा
त्याच्या विनोदांवर हसायला आधी शिकले,
इंग्रजी मागाहून.
आरोपी दुसरा: त्याचा हिशेबनीस, नॉर्मन ट्रॉटन.
त्याला कुणीच ओळखलं नाही.

रक्कम सव्वीस लाख पौंड.
ती एका बेटावरच्या कंपनीत होती
आणि कंपनी एका टपालपेटीत.
सरकारचे चार वकील, बार्नीचे पाच,
कागदांचे एक्केचाळीस खोके, ढकलगाडीवर,
गाडीचं एक चाक रोज कुरकुरायचं.
कुणी त्यात तेलाचा थेंब घातला नाही.
कुणाच्या खात्यातून घालणार?

मोरीन कुत्र्यांचे केस कापते. अकरा आठवडे दुकान बंद.
एका दुपारी बाहेर पायऱ्यांवर
(हे खोलीबाहेरचं, सांगायला हरकत नसावी)
बिस्किटाच्या कागदावर तिनं खर्चाची बेरीज केली,
आणि म्हणाली, वसुलीच्या पुढे गेली की गं ही.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
माझ्या तोंडून निघून गेलं.
तिला समजावून सांगताना आण्यांचे पेन्स झाले
आणि चव गेली.

पण मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे,
मसाल्याचं मला थोडंफार कळतं.
मसाला परवडत नाही म्हणून
गुबगुबीत कोंबडी सोडून द्यायची ठरवली
तर सुरीखाली कोण उरतं?
आम्ही. आम्हाला मीठसुद्धा लागत नाही.
एक खाकी पाकीट, तुमच्याकडून त्रेचाळीस पौंड येणं आहे,
तीस दिवसांत भरावे.
मी नवव्या दिवशी भरले. पावती अजून आहे.

तरी रात्री झोप लागायची नाही.
आमच्या गल्लीतलं वाचनालय आता फक्त मंगळवारी उघडतं.
त्या खोक्यांच्या पैशांत गुरुवारही आला असता.
आणि दुसरंही:
नाव मोठं म्हणून याला सोडलं नाही,
की नाव मोठं होतं म्हणूनच धरलं?
एकाला चव्हाट्यावर उभं केलं की
हजार जण मुकाट्यानं भरतात म्हणे.
त्या हजारांचं ओझं एकाच्या पाठीवर,
हा न्याय की जाहिरात?
याचं उत्तर खोक्यांमध्ये नव्हतं. मी नीट पाहिलं.

निकाल.
एल्सडन: निर्दोष.
ट्रॉटन: दोषी.
का, ते विचारू नका. खुर्च्या निळ्या होत्या.

बार्नी बाहेर आला, पायऱ्यांवर कॅमेरे,
त्यानं एका कॅमेरावाल्याच्या कानामागून अंडं काढलं.
लोक हसले. मीही हसले असेन,
तोंड आपोआप ताणलं गेल्यासारखं वाटलं खरं.

बस थांब्यावर ट्रॉटनची बायको होती.
मांडीवर डबा, आत दोन सँडविचं,
कडा काढून त्रिकोणी कापलेली.
एक तिनं खाल्लं.
दुसऱ्यावर झाकण लावलं, परत काढलं.
पक्षी कठड्यावर येऊन बसला,
त्यालाही दिलं नाही.
तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं,
आणि बॅग उचलून शेजारी जागा करून दिली.
मी उभीच राहिले.

सोमवारी कामावर. दोनशे बारा ताटं, मासे आणि वाटाणे.
डाव एकच, सगळ्यांना सारखा.
एका पोरानं विचारलं, बाई, तो टीव्हीवाला
जवळून कसा दिसतो?
म्हटलं, बुटका.
एवढं सांगायला परवानगी आहे.