ऐकलेले पक्षी

येऊरच्या नाक्यावर सव्वासहाला वही उघडली.
अठरा फेब्रुवारी. हवा थंड. सोबत नऊ जण.
दुर्बीण माझीच जुनी, उजव्या काचेत बुरशीचा ठिपका.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला होता:
डावीकडून सरळ येणारी रेघ
आणि मग एकदम कडा.
इथून पुढचं तुम्हाला ऐकू येत नाही, बाई.
इथून पुढचं म्हणजे काय काय, मी विचारलं,
तर म्हणाले, घाबरू नका, मिक्सर राहील,
दारावरची थाप राहील,
बारीकसारीक तेवढं जाईल.

बारीकसारीक म्हणजे शिंजीर, फुलटोचा, चष्मेवाला.
बारीकसारीक म्हणजे सुभगाची ती लांब ओढलेली शीळ,
जिच्यापायी त्रेपन्नाव्या वर्षी मी या नादाला लागले.

त्याआधी एकतीस वर्षं ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन.
जव्हारचं बाळंतपण चरईत जोडून दिलं,
कळव्याचा नकार साताऱ्याला.
एवढे आवाज कानांतून गेले,
जाताना थोडा थोडा कानही घेऊन गेले असतील.

पाड्यावरची यशोदा हिलीम पुढे चालते,
वनखात्याचा खाकी शर्ट, पायात स्लीपर.
ती थांबली की सगळे थांबतात.
नऊ माना वर. दहावी माझी, त्यांचं बघून.
काटेसावरीला एक पान नाही, नुसती फुलं,
आणि फुलांत म्हणे गोंधळ चाललाय.
मला सावर दिसते.

मशीन लावलं तर सागाची वाळकी पानं
कुणी पापड मोडावेत तशी कानात,
कामतांच्या जॅकेटची चेन,
रात्री बंगल्यात वाजलेल्या डीजेबद्दल
मागून येणारी तक्रार.
पक्षी नाहीत.

बिबट्याही नव्हता. त्याची विष्ठा होती,
कामतांनी तिचे सहा फोटो काढले.

"राखी वटवट्या कोणी कोणी ऐकला? यादीत घ्यायचाय."
हात वर झाले.
माझाही झाला.
यशोदाने पाहिलं आणि काही म्हणाली नाही.
करवंदीची काटेरी फांदी माझ्यासाठी
जरा जास्त वेळ धरून ठेवली, एवढंच.

ओढ्यापाशी मंडळी पुढे गेली.
स्लीपरचा अंगठा निसटला म्हणून ती मागे राहिली.
"बाय, तुम्हाला नाय ना येत ऐकू?"
येतं की, म्हटलं. तांबट येतो. भारद्वाज येतो.
विमानं तर सगळी येतात.
ती हसली. माझा हात ओढून तळवा उलटा केला
आणि नखाने टोचलं:
टिक. टिक. थोडं थांबून, टिकटिक.
"हा फुलटोचा. त्या बांडगुळावर हाय."
मग माझी बाही वर सारली.
कोपरापासून मनगटापर्यंत करंगळीची एक रेघ,
हळू, सरळ, न तुटणारी,
आणि टोकाशी एकदम खाली सोडलेली.
"आन् हा..."
सांगू नकोस, म्हटलं.

एक्स्चेंजमध्ये नियम होता:
लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं,
मध्ये बसून ऐकायचं नाही.
मी पाळला तो, बऱ्यापैकी.
आता ती बाजूला झाली होती,
ओढ्यात पाय बुडवून स्लीपरचा चिखल धूत,
आणि मी हात तसाच पुढे धरून उभी,
कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं
म्हातारी पाऊस आला का बघतेय.

नाक्यावर यादी वाचली. सत्तेचाळीस.
माझ्या वहीत दोन रकाने, पाहिले आणि ऐकले.
वटवट्यावर मी काट मारली.
कामत डोकावले. "सुभगासमोर हे काय लिहिलंय? हातावर?
हातावर बसला की काय?"
हो, म्हटलं.

टीएमटीच्या बसमध्ये खिडकीतून वारा येत होता.
उपवनपर्यंत बाही खाली केली नाही.