ऐकू आलं की हात वर

पेटी साडेचार किलोची, मूठ झिजलेली.
लाल उजव्या कानाला, निळा डाव्या.
शाळा सहा आणि फिरती नर्स मी एकटी,
म्हणून फेब्रुवारीभर गाडी हेच माझं ऑफिस.
रस्त्यावर बर्फ, बर्फावर मीठ, मिठावर पुन्हा बर्फ.
ओहायोतलं हे गाव. कालवा केव्हाच बुजला,
रस्त्याला त्याचं नाव तेवढं राहिलं.

हिकरी रिजला मला खोली देतात.
जाड गालिचा, दारावर पाटी: तपासणी चालू, हळू बोला.
ग्रंथपालबाई कॉफी ठेवून जातात, तीही चवड्यांवर.
मुलं एकेक येतात, मोजे वर ओढत,
मुंगीच्या पावलाएवढा आवाज सोडला
तरी हात वर.
सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस.
सत्तेचाळिसावा ऑगस्ट लिंडक्विस्ट,
त्याच्या कानात वाटाणा निघाला.

कॅनल स्ट्रीटला खोली नाही.
तळघरात सामान ठेवतात तिथे एक खुर्ची,
एका पंखाचे नाताळचे देवदूत खोक्यात,
आणि भिंतीपलीकडे बॉयलर,
मुख्याध्यापिकेच्या आईच्या वयाचा,
रात्रंदिवस घसा खाकरणारा.
मी बटण दाबते. मूल माझ्याकडे बघतं.
मी मुलाकडे.
टॅलुला व्हिटफील्ड मात्र माझ्या अंगठ्यावर डोळा ठेवून
बरोबर वेळेला हात वर करते.
नापास व्हायचं नाही असं तिनं घरूनच ठरवून आणलंय.

गेल्या वर्षी तक्ता पडद्यावर लावला होता:
कॅनल स्ट्रीट, पाचातलं एक मूल, पुन्हा तपासा.
समितीतले एक गृहस्थ म्हणाले,
त्या भागात घरोघरी टीव्हीच मोठ्यानं लावतात.
मी तिसऱ्या रांगेत होते.
हातात कागदी कप होता.
तो मी पुरता चुरगाळला, आणि एवढंच केलं.

दुकानात अंड्यांपाशी नवी जोडपी गाठतात.
नर्सबाई, तुम्ही सगळीकडे जाता, खरं सांगा, कोणती चांगली?
फोनवर आकडे तयारच असतात, दहापैकी नऊ, दहापैकी तीन,
आकड्याला लागून घरांच्या किमती.
मी म्हणते, डबा उघडून बघून घ्या,
वरून कळत नाही.
त्यांना वाटतं मी अंड्यांचं बोलतेय.

या मंगळवारी मी लेस्टर पिकेटला म्हटलं, बंद कर तो.
बाहेर उणे अकरा आहे, बाई.
वीस मिनिटं.
वरून कागद लागेल.
कागद नाही माझ्याकडे.
त्यानं हात फडक्याला पुसले, बराच वेळ पुसले,
मग चाक फिरवलं.

बॉयलर थांबला तेव्हा आम्हाला कळलं
या खोलीत घड्याळ आहे.

मुलं कोट घालून बसली.
दोरीला बांधलेले हातमोजे लोंबकळत
हात वर, हात वर,
मी बटणावरून बोट काढायच्या आत हात वर.
टॅलुलानं या वेळी डोळे मिटून घेतले.
सगळं सांगितलं, वर मी न सोडलेलंही:
आता वरती कुणीतरी खुर्ची ओढली.
आता तुमच्या पोटात वाजलं.

एकोणीस झाली. एकोणीसपैकी एकोणीस.
मग वरच्या वर्गातून निरोप आला, बालवाडीची बोटं निळी पडताहेत,
आणि लेस्टरनं माझ्याकडे न बघता चाक उलटं फिरवलं.

उरलेली बावीस खाकरण्यात तपासली.
सात गेली.
तक्त्यात बॉयलरचा रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात, चालू, बंद.
ऑफिसातून फोन आला: समासातलं संगणक घेत नाही.

लेस्टर म्हणतो, एप्रिलमध्ये या,
तेव्हा तो आपला आपणच बंद असतो.
येईन.
आकडे मार्चमध्ये छापतात.