माप

पहिल्यांदा तो आला तेव्हा बोरा सुटला होता.
ट्रिएस्टेत त्या वाऱ्याला नाव आहे, माणसासारखं;
म्हातारी माणसं त्या दिवसांत
दिव्याच्या खांबांना मिठी मारून उभी राहतात.
माझ्या एका गिऱ्हाइकाची टोपी उडाली,
त्यानं धावत जाऊन आणून दिली,
मग काउंटरवर ठेवली अंगठी:
जुनं सोनं, फिकट नीलम.
"ओंदिनासाठी. बोटं जाड आहेत तिची,
पण हात असा, की धरला की घर आठवतं."
असली वाक्यं त्याला सहज सुचत.
मी दोन मापं वाढवून दिली.

दोन वर्षांनी तीच अंगठी.
सोनार चेहरे विसरतो,
आपण दिलेला डाग विसरत नाही.
"आणि ओंदिना?"
"समुद्र," तो म्हणाला, डोळे टिपले,
आणि कोरडा रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.
मी त्याला कॉफी दिली.
हेही सांगायला हवं. मीच दिली, साखर घालून.
नेरीनासाठी अंगठी लहान केली,
कापलेला तुकडा त्यानं मागितला नाही,
तो माझ्या डबीत राहिला.

नेरीनाच्या पेपरात चार ओळी होत्या.
जिना. रात्र. घरात एकटीच.
मी कात्रण घेऊन चौकीवर गेले;
तिथला पोरगा म्हणाला, "सिन्योरा,
अंगठी हा काही पुरावा नाही."

काल दुकान बंद करताना तो आला,
हातात कागदाच्या पुडीत गरम चेस्टनट.
एकेक सोलून मला देत राहिला,
आणि तिसऱ्या की चौथ्याला म्हणाला,
"नेव्हिया, तुझं माप काय?"
त्रेपन्न वर्षांची मी, ॲसिडनं पोळलेली बोटं.
सगळं ठाऊक असून
पोटात काहीतरी हललं. खोटं कशाला बोलू?

माझं बोट अठराचं.
मी सांगितलं, सोळा.

रात्री भिंग लावून आतल्या बाजूला कोरलं:
ओंदिना. नेरीना. मग त्याचं नाव,
आडनावासकट, जन्मगावासकट.
अक्षरं इतकी बारीक
की त्याला तो जुना ओरखडा वाटेल.
सकाळी त्यानंच घातली, साबण लावून, हसत.
आता ती साबणानं निघायची नाही, तेलानंही नाही.
करवतच लागेल,
आणि तसली करवत इस्पितळात असते,
नाहीतर त्याच इस्पितळाच्या तळघरात.
कापणारा माणूस आत बघतोच;
मी चाळीस वर्षं बघत आले आहे.

उद्या रविवार. तो म्हणतो, छोटी होडी घेऊ,
वारा पडलाय, दुपारपर्यंत परत येऊ.
सहज विचारावं तसं विचारलं,
"तुला पोहता येतं?"
बार्कोलाच्या खडकांवरून
आठव्या वर्षापासून उड्या मारत आलेली मी
कोटाचं बटण लावत म्हणाले, "छे."

हेही माप मी चुकीचंच दिलं.