माइकची उंची

सप्टेंबरची पहिली तारीख, सकाळचे नऊ.
नारीनच्या पाण्यावरून वारा येतो
आणि मंचामागच्या निळ्या कापडाला आतून ढुशा देतो.
वर्षभर मी बॉयलरवाला, नळवाला,
किल्ल्या हरवलेल्यांचा हातोडीवाला;
आज इस्त्रीचा शर्ट,
आणि माइकच्या दांड्याचा स्क्रू माझ्या चिमटीत.

भाषणं मला कळतात ती उंचीवरून.

रेक्टर तोल्कुनबेक अगाय: एकशे नव्वद सेंटिमीटर.
दांडा शेवटच्या खाचेपर्यंत ओढला, तरी ते वाकलेच.
हातात चार पानं. 'तुम्ही या डोंगरांचं भविष्य आहात'
हे दुसऱ्या पानावर. अकरा वर्षं ऐकतोय.
दर वर्षी तिथे त्यांचा आवाज थोडा चिरतो,
म्हणून मी हसत नाही.
तिसऱ्या पानाला वाऱ्याने हात घातला;
ते अर्धं वाक्य गिळून थेट चौथ्यावर गेले
आणि कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मग प्रांताचे साहेब. माझ्या खांद्याएवढे.
दांडा वीतभर खाली.
नव्या रस्त्याबद्दल बोलले, जुन्याबद्दल नाही.
फोन दोनदा थरथरला, आणि दोन्ही वेळा त्यांनी
'विद्यार्थी मित्रहो'पासून पुन्हा सुरुवात केली.

रायखान इझे भूगर्भशास्त्र शिकवतात.
दांडा खाली घ्यायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला,
कोटाच्या खिशातून नदीतला एक गोटा काढला,
पहिल्या रांगेत दिला. 'पुढे द्या.
मागच्या भिंतीला पोचेल तोवर बोलेन.'
गोटा हातोहात निघाला.
कुणी गालाला लावला, कुणी हुंगला,
एकाने बाजारातल्या बटाट्यासारखा तोलून पाहिला.
सातव्या रांगेतल्या एका मुलाने तो धरूनच ठेवला,
आणि इझेंना पाच मिनिटं जास्त बोलावं लागलं.
खाली उतरताना म्हणाल्या, तो पोरगा चांगला निघेल.

शेवटी नव्यांच्या वतीने एक मुलगी.
शिरिनमो. खोरोगच्याही पलीकडची,
दोन दिवस गाडीत बसून आलेली, केसांत वाटेवरची धूळ.
दांडा इतका खाली घेतला की खाचाच संपल्या.
तिच्या कागदावर मोठ्या माणसांची मेहनत दिसत होती:
ऋणी, उज्ज्वल, संधी.
निम्मा वाचला. मग घडी घातली.
रशियन अडखळती, पण सरळ:
'एक विचारू?
मुलींच्या वसतिगृहात गरम पाणी कधी येतं?'

आधी कुणीच हसलं नाही. मग सगळं पटांगण.
रेक्टरांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी फोनकडे,
उपरेक्टरांनी डीनबाईंकडे,
आणि डीनबाईंची नजर रांगा ओलांडत, खांब ओलांडत
येऊन थांबली माझ्यावर.

जन्मात भाषण केलं नव्हतं.
माइक तिच्या उंचीवर होता; मी गुडघा टेकला.
'व्हॉल्व्ह गेलाय. जूनपासून.
नवा बिश्केकहून यायचाय, म्हणतात.
येईल तेव्हा येईल. तोवर जुनाच घासून बसवतो.
आज. संध्याकाळी सहा.'
माझा आवाज कर्ण्यांतून समोरच्या डोंगरावर आपटला
आणि परत माझ्याच अंगावर आला: सहा, सहा.
टाळ्या पडल्या. रेक्टरांपेक्षा कमी,
पण माझ्या खाती पहिल्याच.

बोरसोक वाटले गेले, चहा झाला.
खुर्च्या या वेळी मला एकट्याला उचलाव्या लागल्या नाहीत.
गोटा सापडला शेवटच्या रांगेत, एका खुर्चीखाली,
अजून कोमट.

सहाला बारा मिनिटं कमी असताना पाइप खोकला.
आधी गंजाचं तांबडं, मग गढूळ,
मग नुसतंच थंड, बराच वेळ.
मी नळाखाली हात धरून उभा.

वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं,
मग आणखी दोघी.
कुठल्या भाषेत, ते कळलं नाही.