मागे कोण बसणार

टेबलावर सांडलेलं ताक पुसून
कुमुदवहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं,
डिसेंबर उघडला, म्हणाल्या, अष्टमी.
अष्टमीला भांग असते,
पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही,
आपल्या गुडघ्यांना तेवढंच झेपेल.

तिथीची पाऊणपट करायची. आठाची सहा.
म्हणजे सहाच्या सुमारास भरती.
बत्तीस वर्षं एका ओट्याशी आम्ही,
मीठ कुणी जास्त टाकलं यावरून तीन-तीन दिवस अबोला,
आणि यांना पाऊणकी पाठ आहे
हे मला आज कळतंय.

सातला गोराईच्या खाडीत उतरायचं, बोरिवलीच्या बाजूने,
ओहोटीबरोबर. पाठीशी मतलई.
अकराच्या आत मनोरीच्या तोंडाशी,
त्यानंतर काठाला मांडीभर चिखल,
आणि तुला त्यातून ओढायला मी येणार नाही,
हेही आत्ताच सांगून झालं.
दुपारी पाणी वळतं, खारा वारा सुटतो,
तो घरापर्यंत आणून सोडतो.
जाताना ढकलणारे वेगळे, येताना वेगळे,
वल्हं आपलं हातात असावं म्हणून.
या घरात इतकं सोपं काम
आजवर कुणी माझ्या वाट्याला दिलेलं नाही.

होडी मेल्विन तुस्कानोची.
पिवळं प्लास्टिक, त्याला दोन खळगे.
फोनवर त्याने वजनं विचारली.
आम्ही एकमेकींची सांगितली,
दोघींनीही चढवून.

यादी:
केळी सहा, उकडलेली अंडी, मीठ-साखरेचं पाणी.
वहिनींची प्रेशरची गोळी, तिला वेगळी डबी.
मोबाईल दुधाच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी.
साडी नाही. (इथे पेन थांबलं,
मग त्यांनी स्वतःच खाली रेघ मारली.)
फेरीबोट आली की लाटेला नाक द्यायचं, कूस नाही.
आणि मध्ये लागली तर?
दोन्ही काठांना तिवरं, तिवरांत खंड्या,
जेट्टीवर माणसं, समोर सोन्यासारखा पॅगोडा.
यावर बराच वेळ दोघी गंभीर होतो.
शेवटी लिहिलं: चहा घ्यायचा नाही.

बाहेरच्या खोलीत दोघांचं बातम्या बघणं चालू होतं.
भावोजींनी मान न वळवता विचारलं,
मनोरीला बस जाते ना?

मेल्विन म्हणाला होता,
पुढचीने लय धरायची,
मागचीने दिशा.
पुढचीला मागचं दिसत नाही,
मागचीने पुढचीच्या हातांवर नजर ठेवायची,
तिचं वल्हं पडलं की आपलं.
हे ऐकून मी यादीत आणखी एकदा केळी लिहिली.
दिशा कुणाकडे असते आमच्यात
हे काही विचारायचं नव्हतं.

तू बस मागे, वहिनी म्हणाल्या.
मला ऐकू आलं, तरी मी म्हटलं, काय?
मागे बस. मला समोर काहीतरी बघू दे,
चाळीस वर्षं तुमची सगळ्यांची ताटंच बघतेय.
मग लगेच, जरा चढ्या आवाजात:
आणि भलतीकडे नेऊ नकोस.

रात्री जेवणं आटोपल्यावर
दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या,
हातात पोछ्याच्या काठ्या.
फरशी शांत होती, फारसा वारा नव्हता.
त्यांचा अंबाडा एवढ्या जवळून मी कधी बघितला नव्हता.
एक पिन सुटत आलेली,
मानेवर तेल उडाल्याचा जुना डाग,
कुठल्या सणाचा कोण जाणे,
कदाचित माझ्याच कढईतला.

डावं, त्या म्हणाल्या.
मी उजवं मारलं.
काठ्या खणकन आपटल्या,
टीव्हीचा आवाज कमी झाला,
आणि वहिनी, न वळता,
म्हणाल्या, पुन्हा.